सात हजारांचा सिगार आणि पंचवीस रुपयांचा चिरूट

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी सडक अर्जुनी तालुक्यातला. वय चोपन्न. धानाची शेती आहे अन् उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेतात तिथं, दिवाणजी असतो. रात्री जेवल्यावर ओसरीत बसून एक चिरूट ओढाची सवय मले लय वर्षांपासून आहे. गोंदियाच्या एका दुकानात दक्षिणेकडचा चिरूट भेटते, पंचवीस रुपयाले एक. पुतण्या दुबईले राह्यते. तो मे महिन्यात आला, तं त्यानं कोहिबा नावाच्या सिगारचं तीन नळ्यांचं पाकीट आणलं. म्हणे एकाची किंमत सात हजार! मी पाकीट आलमारीत ठेवून देल्लं. पंधरा दिवसांनी एक काढला. पहिले तं ओढच लागेना. मंग अडकित्त्यानं तोंड कापलं, तं वरचं पान उकललं. माचीस लावली तं एकाच बाजूनं जळे, अन् तोंड कडू झालं. अर्ध्यात टाकून देल्ला. आमच्या ओसरीतले गडी म्हणतात, 'नावाचे पैसे आहेत, तुहा चिरूटच बरा.' मले सांगा, सात हजारात असं काय असते? का माह्या जिभेलेच समजलं नाही? दोन उरले आहेत. पुतण्या म्हणते, रोजचा चिरूट सोड अन् महिन्यातून एक असा ओढ, हा शुद्ध असते, नुकसान कमी. हे खरं आहे का? दुसरं, डिसेंबरात पोराचं लग्न आहे. इवायाले त्यातला एक द्यावा म्हणतो. शोभते का? दिवसभराचे दोन-तीन खर्रे सोडले तं मले दुसरं कोणतं व्यसन नाही."

उत्तर:

भाऊ, जिभेला दोष देण्याआधी आलमारीला द्या. नवतपाच्या उन्हात, लोखंडी आलमारीत पंधरा दिवस पडलेला सिगार तुम्ही ओढलात. त्यात कोहिबाचं जे काही होतं ते आलमारीनं आधीच ओढून घेतलं होतं. ओसरीतल्या गड्यांनी निकाल दिला तो त्या वाळक्या कांडीवर.

सिगार नीट राहायला आसपासच्या हवेत साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे मेच्या दुपारी ती वीस-पंचवीस टक्क्यांवर उतरते. पानातली ओल गेली की ते भराभरा आणि तापून जळतं, धूर कडू येतो, वरचं पान कडक होऊन तडकतं. तेंदूचे पुडे उन्हात गरजेपेक्षा जास्त राहिले आणि पोती भरताना पाणी मारलं नाही, तर पान हातातच चुरतं, हे तुम्ही दर मोसमात पाहता. तेंदूचं पान विडी वळण्याआधी भिजवून घेता येतं. सिगार तुमच्या हाती येतो तो वळून झालेला, त्याला भिजवायला गेलात तर फुगून फुटेल. नळी दिसायला घट्ट असली तरी तिच्यात ओल फार दिवस टिकत नाही, ती प्रवासापुरती. त्यापेक्षा पाकीट कूलरच्या खोलीत ठेवलं असतं तर बरं राहिलं असतं. आपल्या गवताच्या कूलरला लोक नावं ठेवतात, पण मे महिन्यात विदर्भात सिगारला मानवेल अशी हवा कुठे असेल तर ती त्याच्यासमोरच. रात्री कूलर बंद झाला की तीही गेली, ही गोष्ट वेगळी.

आता ओढ का लागली नाही ते. तुमचा चिरूट दोन्हीकडून उघडा असतो. पेटवला की लगेच ओढता येतो. कोहिबा क्यूबातला, आणि क्यूबन सिगारचं तोंडाकडचं टोक पानाच्या छोट्या चकतीनं बंद केलेलं असतं आणि तीच चकती वरचं पान जागेवर धरून ठेवते. ती थोडीशीच कापायची, फार तर दोन मिलिमीटर, गोलाई जिथे सरळ व्हायला लागते त्याच्या वरच. अडकित्ता सुपारीसाठी उत्तम. सिगारला मात्र तो आधी चेपतो आणि मग तोडतो. त्यात कापही खाली गेला असणार, म्हणून पान सुटलं. पुढच्या वेळी दाढीचं कोरं ब्लेड घ्या. सिगारची खास कात्री मिळते, ती घेऊ नका.

एका बाजूनं जळण्याचं कारण बहुतेक माचीस. चिरूट बारीक असतो, एका काडीत पेटतो. तुमच्या पुतण्यानं आणलेला आकार रोबुस्तो नावाचा असावा. त्याची जाडी ५० गेज, म्हणजे इंचाच्या चौसष्ट भागांपैकी पन्नास, जवळजवळ वीस मिलिमीटर. लांबी १२४ मिलिमीटर. एवढं रुंद तोंड एका काडीत सारखं पेटत नाही. काडीचा गंधक जळून जाऊ द्यायचा, मग ज्योत टोकाला न टेकवता खाली धरायची आणि सिगार फिरवत फिरवत कडेपासून मधापर्यंत शेकून घ्यायचा. दोन-तीन काड्या जातात. पंख्याखाली किंवा कूलरच्या झोतात हे जमत नाही. टोक सगळीकडून लाल झालं की मगच पहिला झुरका.

आणि झुरक्यांची घाई. बारीक चिरूट सारखा ओढत राहिला नाही तर विझतो, तुमच्या हाताला-तोंडाला तीच लय बसली आहे. रोबुस्तोला मिनिटाला एक झुरका पुरे. त्याहून जास्त ओढलात तर विस्तव आतून भडकतो आणि चव करपते. एक सिगार संपायला पाऊण तास ते तास लागतो. शेवटचा तिसरा हिस्सा कडक होत जातो, तिथे सोडून दिला तरी वाया गेला असं कुणी म्हणत नाही. चोळून विझवू नका, नुसता ठेवून द्या, आपोआप विझतो.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, एवढ्या सोपस्कारांत माझा चिरूट ओढून झोपायची वेळ होईल. बरोबर आहे. महाग सिगारची अर्धी किंमत अशी ओढणाऱ्याकडूनच वसूल होते, वेळेच्या रूपात.

उरलेल्या किमतीत काय असतं, ते पानापासून सांगतो, कारण पान तुम्हाला कळतं. क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ नावाचा प्रांत आहे, त्यात वुएल्ता आबाहो हा तंबाखूचा पट्टा. सान लुईस आणि सान हुआन इ मार्तिनेस या गावांभोवतीची तांबडी, भुसभुशीत माती सिगारच्या पानासाठी नावाजलेली आहे. वरून गुंडाळायचं पान पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, ऊन थेट लागलं की पान जाड होतं आणि त्याच्या शिरा फुगतात. रोप एका झटक्यात कापत नाहीत. खालच्या पानांपासून सुरुवात करून काही दिवसांच्या अंतरानं हातानं तोडत वर जातात. मग पानं लाकडी कोठारांत टांगून वाळवतात, ढिगात मुरवतात, रंग-आकार-जाडी पाहून निवडतात आणि परत ठेवून देतात. खुटकटाई, म्हणजे मोसमाआधीची झुडपांची छाटणी, कशी झाली यावर तेंदूचं पान कोवळं, बिनडागाचं येणार की जाडंभरडं हे ठरतं ना, आणि फळीवर तुम्ही पुडा हातात घेतल्या घेतल्या सांगता की हा चालेल, हा नाही. तिथेही तसेच डोळे लागतात, फक्त पानाच्या मागे महिन्यांऐवजी वर्षं जातात.

एका सिगारच्या पोटात एकाच झाडाची पानं नसतात, एकाच उंचीवरची तर नसतातच. खालचं पान सौम्य आणि पटकन पेटणारं, मधलं वासाचं, शेंड्याजवळचं ऊन खाल्लेलं, जाड आणि कडक. शेंड्याचं पान सावकाश जळतं, म्हणून ते मधोमध ठेवतात. कोहिबात पोटातल्या दोन प्रकारच्या पानांना तिसऱ्यांदा मुरवतात, लाकडी पिंपांत. त्यानं घशाला लागणारा तिखटपणा उतरतो. तुम्हाला मवाळ वाटला असता तो यामुळे. पण मवाळ म्हणजे कमी तंबाखू असं समजू नका, त्यावर पुढे येतो.

पोटातलं पान सिगारच्या पूर्ण लांबीचं असतं, टोकापासून टोकापर्यंत अखंड. स्वस्त सिगारमध्ये आणि बहुतेक देशी चिरुटांत तुकडे भरतात. तुकडे भराभर जळतात आणि राख लवकर गळते. अखंड पानाची राख बोटाच्या एका पेराएवढी उभी राहते. वळणारा कारागीर दिवसाला शंभरच्या आसपास सिगार वळतो. विडीची मजुरी आपल्याकडे हजारावर मोजतात, यावरून हाताचा वेळ कुठे किती जातो ते लक्षात येईल. हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून एक रीत आहे. कारागीर खाली मान घालून वळत बसतात आणि उंचावर बसलेला एक माणूस त्यांना आधी वर्तमानपत्र आणि मग कादंबरी वाचून दाखवतो. गोंदिया-भंडाऱ्याच्या विडी कारखान्यांत हे कुणाला सुचलं असतं तर झाडीपट्टीच्या नाटकांना कितीतरी आधीपासून प्रेक्षक मिळाले असते.

इथवरचा पैसा मी योग्य मानतो. यापुढचा नावाचा. कोहिबा १९६६ मध्ये सुरू झाला तो फिडेल कॅस्ट्रो यांच्यासाठी आणि परदेशी पाहुण्यांना भेट द्यायला. १९८२ मध्ये तो दुकानांत आला. त्याआधी, १९६२ पासून अमेरिकेनं क्यूबाशी व्यापार बंद केला होता. तिथल्या श्रीमंतांना जे मिळत नाही ते म्हणजे भारीच असणार, अशी एक हवा त्यातून झाली. २०२२ मध्ये क्यूबाच्या कंपनीनं कोहिबाचे जगभरचे भाव हाँगकाँगच्या महाग बाजाराच्या बरोबरीला नेऊन ठेवले. बऱ्याच देशांत भाव एका रात्रीत दुपटीच्या घरात गेले. त्या रात्री वुएल्ता आबाहोच्या पानात काहीच बदललं नव्हतं. आपल्याकडे यावर आयातीचा कर, दुकानदाराचा हिस्सा. तेव्हा गडी म्हणतात ते अर्धं खरं आहे.

माझं मत विचाराल तर, तुमच्या चिरुटापासून एखाद्या बऱ्या, अखंड पानाच्या, हातानं वळलेल्या सिगारपर्यंतची उडी मोठी आहे, ती कुणालाही कळेल. निकाराग्वातलं एस्तेली, होंडुरास, डोमिनिकन प्रजासत्ताक इथं असे सिगार होतात आणि ते कोहिबापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. तिथून कोहिबापर्यंतची उडी मात्र फार लहान आहे, पैसे मात्र तिथेच सगळ्यात जास्त लागतात. वरून क्यूबन सिगार कधी कधी इतका घट्ट वळलेला निघतो की नीट ठेवूनही ओढ लागत नाही, सात हजार देऊनही त्याची हमी नाही. खुद्द क्यूबात होसे एल. पिएद्रा नावाचा स्वस्त, तुकड्यांचा सिगार बनतो. तिथला शेतकरी रोज ओढतो तो असला साधा किंवा शेजाऱ्यानं वळलेला, कोहिबा नाही.

आणि तुमच्या चिरुटाला कमी लेखायचं कारण नाही. दक्षिणेकडचा म्हणता, म्हणजे दिंडीगुल किंवा तिरुचिरापल्लीच्या बाजूचा असावा. इंग्रजांच्या काळात तिरुचिरापल्लीचे चिरूट थेट विलायतेला जात. त्याची चव सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच, सरळ आणि कडक. विझला तर पुन्हा पेटवा, खिशात राहू द्या, उन्हात-पावसात त्याचं फारसं बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात तसाच मिळतो. रोजच्या वस्तूकडून आपण हेच मागतो. कोहिबाची चव दर तिसऱ्या हिश्शात बदलते म्हणून लोक पैसे देतात. ज्याला दिवसभराच्या कामानंतर काहीही बदलायला नको आहे, त्याला त्या बदलाचं काय?

उरलेल्या दोघांचं असं करा. आता पावसाळा लागला आहे, हवेत ऐंशीच्या वर आर्द्रता आहे. उन्हाळ्यात वाळलेला सिगार आता उघडा ठेवलात तर तो भसकन ओल पिईल, वरचं पान फुटेल, बुरशी येईल. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, ज्यात लोणचं-मसाला कधी ठेवलेला नाही असा. पुतण्याला सांगून ६५ किंवा ६९ टक्क्यांचं आर्द्रता राखणारं पाकीट मागवा, ऑनलाइन मिळतं. सिगार नळीतून काढून त्यासोबत डब्यात ठेवा आणि दिवाळीपर्यंत विसरा. ओलं फडकं, बटाट्याची काप असले उपाय कुणी सांगितले तर ऐकू नका. नुसत्या फ्रिजमध्येही नको, तिथली हवा कोरडी असते आणि सिगारला भाजीचा वास लागतो.

त्याआधी सिगारवर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं आहेत का पाहा. हळकुंडांना आणि साठवणीच्या सुक्या मिरचीला जो लालसर तपकिरी बारका किडा लागतो, तोच तंबाखूलाही लागतो, आणि आपल्याकडची गरमी त्याला फार मानवते. भोकं असली तर सिगार गेला. नसली तरी सावधगिरी म्हणून दोन थैल्यांत बंद करून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस बर्फाच्या कप्प्यात आणि परत एक दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग डब्यात घाला. त्या दिवसांत वीज गेली आणि बर्फ वितळला तर पुन्हा सुरुवात करावी लागेल.

पुतण्यानं ते घेतलं कुठून, हेही सहज विचारा. विमानतळाच्या दुकानाची पावती असेल तर प्रश्न नाही. बाजारात कुणीतरी 'तुमच्यासाठी म्हणून कमी भावात' दिलं असेल तर शंका घ्या. कोहिबाची नक्कल जितकी होते तितकी क्वचितच दुसऱ्या सिगारची होत असेल. काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी कुणी दाखवली तर ती नकली असं बिनधास्त धरून चाला.

दिवाळीनंतर गावच्या मंडईच्या जत्रेला पुतण्या येईलच. तेव्हाची हवा ना कोरडी ना दमट, रात्री गार. दोघं एकेक ओढा. त्या दिवशी चिरूट त्याच्या पाठोपाठ ओढू नका, कडक चवीनंतर किंवा आधी दुसरं काहीच कळत नाही. चिरूट दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेवढंच जेवून. आणि ज्या दिवशी खरी चव पाहायची आहे, त्या दिवशी सकाळपासून एकही खर्रा नको.

इथं थांबतो, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलं आहे. जिभेला समजलं नाही का, असं विचारता. दिवसभर सुपारी, चुना आणि तंबाखू गालात धरलेल्या जिभेला सात हजारांचं काय, आंबाडीच्या भाजीतलं मीठ तरी नीट समजतं का ते घरी विचारा. 'दोन-तीन खर्रे सोडले तं' असं म्हणून ते सोडता येत नाहीत, भाऊ. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपुरात खर्रा इतका घरचा झालाय की त्याला कुणी व्यसनात धरत नाही. पण खर्ऱ्यातली सुपारीच एकटी, तंबाखूशिवायही, तोंडाचा कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्ये नोंदवून ठेवलं आहे. आधी गालाचं आतलं कातडं पांढुरकं आणि ताठ होतं, मिरची झोंबायला लागते, तोंड उघडणं कमी होत जातं. आपली तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेलं तोंड आलेलं असेल, तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा, ते पुढे गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतील. मंडईची वाट पाहू नका, हे याच आठवड्यात करा.

पुतण्याचं 'शुद्ध' मात्र खोडून काढतो. सिगारचा धूर क्षारधर्मी असतो, त्यामुळे तो छातीत न घेताही निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुसाचा कॅन्सर सिगारनं होतो, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेनं १९९८ च्या अहवालात मांडलं. पिंपात मुरवल्यानं तिखटपणा गेला म्हणजे विष गेलं असं नाही. तंबाखूतली काही घातक द्रव्यं तर पान वाळताना आणि मुरतानाच तयार होतात. मांडवाखालचं पान आणि दिंडीगुलचं पान यांत शरीर काही फरक करत नाही. पुतण्याचं एकच म्हणणं खरं, की तीसपेक्षा एक कमी. पण ते कमीपण आकड्यामुळे आहे, कोहिबामुळे नाही. महिन्यातून एक चिरूट ओढलात तरी तेच होईल, आणि पंचवीस रुपयांत.

हिशेबही करून ठेवला आहे. रोज पंचवीस म्हणजे वर्षाचे ९,१२५ रुपये. महिन्याला एक कोहिबा म्हणजे वर्षाचे ८४,०००. २०२५-२६ च्या खरिपाचा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता, त्या भावानं साडेपस्तीस क्विंटल धान धुरात गेलं. आणि माझा अंदाज असा की तसं होणारही नाही. रोजच्या निकोटीनची सवय महिन्याच्या एका सिगारवर भागत नाही. चौथ्या दिवशी तुम्ही गोंदियाच्या दुकानात असाल, नाहीतर तीन खर्ऱ्यांचे पाच होतील, आणि कोहिबा वर जास्तीचा. तेव्हा अदलाबदलीचा विचार सोडा. सोडायचंच असेल तर आधी खर्रा, मग चिरूट. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो आणि ती माणसं नंतर पुन्हा फोन करून विचारपूसही करतात. पहिले काही दिवस चिडचिड होते, हात खिशाकडे जातो. धानाची रोवणी चालू असताना सुरू करा, हात चिखलात असले की खर्रा घोटायला सवड नसते.

चिरूट चालू आहे तोवर ओसरीऐवजी आंगणाच्या टोकाला बसा. डिसेंबरनंतर घरात सून येते आहे, ओसरीतला धूर सगळ्या घराचा असतो.

राहता राहिले इवाई. मुलाकडून मुलीकडे काहीतरी जातंय हे ऐकूनच बरं वाटलं, नाहीतर आपल्याकडे गाडी उलट्या दिशेनंच धावते. पण सिगार नको. एक तर तो एकदा वाळून गेलेला आहे, मंडईपर्यंत कितपत सावरतो हे उघडल्यावरच कळेल. दुसरं, मंगल कार्यालय ही सार्वजनिक जागा आहे, तिथे ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे. पाहुण्यांसमोर दिलात तर ते तिथेच पेटवणार आणि तुम्ही त्यांना दंड करवणार. तिसरं, किंमत सांगितली तर मिरवल्यासारखं होतं, आणि नाही सांगितली तर ते तुमच्यासारखाच अडकित्ता घेऊन बसतील. तुमच्या बांधीतला चिनोर तांदूळ असेल तर त्याचं एक पोतं पाठवा, नसेल तर शेजाऱ्याकडून घ्या. यंदाच्या मळणीचा नवा तांदूळ चिकट होतो, तेव्हा गेल्या वर्षीचाच द्या.